डब्याच्या सुट्टीत दिसलेली जाहिरात: इंदूरच्या एका वधू-वर संकेतस्थळाचं प्रकरण

तक्रार ईमेलने आली आणि ती जेमतेम चार ओळींची होती. विजय नगरमधल्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या ताईंनी डब्याच्या सुट्टीत मैत्रिणीला इन्स्टाग्रामवरचे भाच्याच्या मुंजीचे फोटो दाखवायला फोन दिला. मैत्रिणीचं बोट जरा पुढे सरकलं आणि समोर जाहिरात आली, ‘घटस्फोटित व विधवा-विधुर परिचय मेळावा, इंदूर’. ताईंनी ऑफिसात घटस्फोटाबद्दल कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मैत्रीण काही बोलली नाही, नुसता फोन परत दिला. शेवटची ओळ अशी होती: ‘मी तुमच्याकडे नाव नोंदवलं, हे इन्स्टाग्रामला कुणी सांगितलं?’

ही ईमेल ज्या मराठी मंडळाला आली त्याचं नाव मी देणार नाही, आणि ताई कोण हे कुणाला ओळखू येईल असंही काही लिहिणार नाही. मंडळ जुनं आहे, पदाधिकारी सगळे साठीच्या पुढचे. गणेशोत्सव, कोजागरी, दिवाळी अंकांचं वाचनालय आणि वधू-वर सूचक केंद्र एवढा त्यांचा संसार. सचिवकाका आमच्या रामबागेतले, माझ्या वडिलांचे मित्र. मी वेबसाइट बनवतो एवढ्या ओळखीवर त्यांनी मला बोलावलं. फोनवर म्हणाले, “जरा येऊन जा रे, काहीतरी कुकीचं लफडं झालंय. पण आपण तर खाली लिहिलंय ना, असेप्ट करा करून?”

लिहिलेलं होतं, हे खरं. (कुकी म्हणजे संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये ठेवून जातं ती छोटी खूण.) पानाच्या तळाशी एक काळी पट्टी, तिच्यावर इंग्रजीत एक वाक्य आणि ‘असेप्ट’ असं एकच बटण. ही पट्टी कुणीतरी फुकटचं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार तुकडा, टाकून बसवली होती. कशासाठी, ते समितीत कुणालाच आठवेना. खजिनदारांच्या मते सगळ्यांच्या साइटवर असते म्हणून. खरं सांगायचं तर बहुतेक पट्ट्यांचा इतिहास एवढाच असतो. दाराला तोरण बांधावं तशी ती बांधलेली असते. घरात कोण शिरतं याच्याशी तोरणाचा काय संबंध?

तपासणीची माझी पद्धत साधी आहे आणि ती कुणालाही करता येते. ब्राउझरची कोरी खाजगी खिडकी उघडायची, डेव्हलपर टूल्समधला नेटवर्कचा भाग चालू करायचा आणि मग साइट उघडायची. पट्टीला हात लावायचा नाही. आपण ‘हो’ही म्हटलेलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलेलं नाही, अशा स्थितीत कोणाकोणाला निरोप जातो ते फक्त बघत बसायचं. सचिवकाका शेजारी खुर्ची ओढून बसले होते. यादी भराभर खाली सरकायला लागली तसे ते चष्मा पुसून पुढे झुकले.

पट्टी अजून तशीच होती आणि तोवर भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सची ‘जीए’ नावाची कुकी २ वर्षांच्या मुदतीने बसली होती. मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी, तिच्या ‘पिक्सेल’ नावाच्या कोडची ‘एफबीपी’ कुकी बसली होती, ९० दिवसांची. मागच्या मेळाव्याचा यूट्यूब व्हिडिओ कुणी चालवलेला नव्हता, तरी त्याच्या चौकटीने बाहेर संपर्क केला होता. देवनागरी मजकुराचा मुक्ता फाँट गूगलच्या सर्व्हरवरून येत होता, म्हणजे वाचणाऱ्याचा आयपी पत्ता (त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) तिकडे जात होता. शिवाय एक चॅटची खिडकी होती, जिच्यावर उत्तर द्यायला दोन वर्षांत कुणी बसलेलं नव्हतं. मग मी ‘असेप्ट’ दाबलं. यादीत काहीच फरक पडला नाही. बटणाला कुठलीच तार जोडलेली नव्हती. ते दाबल्यावर पट्टी तेवढी नाहीशी व्हायची.

“म्हणजे आपण विचारतो, पण उत्तराची वाट बघत नाही,” काका म्हणाले. यापेक्षा नेमकं निदान मला नंतर समितीच्या इतिवृत्तासाठीही लिहिता आलं नाही.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र एवढ्याने मिळत नव्हतं. साइटला भेट दिली हे कळणं वेगळं आणि घटस्फोटितांच्या मेळाव्याचीच जाहिरात दिसणं वेगळं. धागा सापडला तो शोधाच्या पानावर. स्थळं शोधताना वय, शिक्षण, उत्पन्न, वैवाहिक स्थिती असे पर्याय निवडायचे आणि ‘शोधा’ दाबायचं. हा फॉर्म २०१९ साली कुणाच्या तरी भाच्याने बनवला होता आणि त्याने निवडलेली प्रत्येक गोष्ट पानाच्या पत्त्यातच जोडली जाईल अशी रचना ठेवली होती. म्हणजे वरच्या पट्टीत पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह, मग वय ३४, स्थिती घटस्फोटित, असं सगळं उघड. पिक्सेल हा पानात टाकलेला छोटा कोड असतो. पान उघडलं की कुठलं पान उघडलं ते तो मेटाला कळवतो, आणि कळवताना अख्खा पत्ता पाठवतो. त्यामुळे माहिती गळण्यासाठी कुणी चोरी करायची गरजच उरली नव्हती. मंडळ स्वतःच ती दर क्लिकला पोचती करत होतं.

यावर कडी म्हणजे पिक्सेलच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक अ‍ॅडव्हान्स्ड मॅचिंग’ चालू होतं. ते चालू असलं की फॉर्ममध्ये भरलेला ईमेल, फोन नंबर वगैरे हॅश करून, म्हणजे सांकेतिक आकड्यात बदलून पाठवला जातो. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. ते लगेच म्हणाले, “हॅश केलंय ना, मग सुरक्षितच की.” बाहेरच्या चोरासाठी असेलही. पण ज्याच्याकडे ताईंचा नंबर आधीपासून खात्यात आहे, तो त्या नंबरचा तसाच हॅश काढून दोन्ही जुळवून बघतो. जुळवता यावं म्हणून तर ही सोय आहे.

उरलेला दुवा एका स्वयंसेवकाने जोडला होता. हेतू वाईट नव्हता. मेळाव्याला गर्दी कमी होते म्हणून त्याने ‘ज्यांनी पुनर्विवाहाची पानं पाहिली त्यांना जाहिरात दाखवा’ असा प्रेक्षकवर्ग बनवला आणि खिशातून थोडे पैसे घालून जाहिरात चालवली. अशा वर्गात माणूस जास्तीत जास्त १८० दिवस राहतो. ताईंनी नाव नोंदवून तीन महिने झाले होते. हा मुलगा आता नोकरीला पुण्याला गेलाय, आणि साइटवरचे असे कोड, म्हणजे टॅग, जिथून हाताळतात त्या टॅग मॅनेजरचं खातं त्याच्याच खाजगी ईमेलवर होतं. त्या खात्यात आणखी दोघांना प्रवेश होता. त्यातला एक कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या रात्री मी घरी जाताना राजवाड्याजवळ थांबलो, पण सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत शिरून खायची इच्छा झाली नाही. इंदूरच्या माणसाने हे लिहिणं म्हणजे काय, ते इंदूरवालेच समजतील.

समितीच्या बैठकीत पहिला सूर अपेक्षित तोच निघाला. अजून वेळ आहे. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, पण नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि सूचना, संमती ही मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार. खजिनदारांनी हे कुठेतरी वाचलं होतं आणि ते बरोबर होतं. या कायद्यात ‘कुकी’ हा शब्दही नाही, हेही त्यांनी सांगितलं, तेही बरोबर. आधीच्या २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीची यादी आहे. तीत पासवर्ड, बँकेचा तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक वगैरे येतं, वैवाहिक स्थिती येत नाही. कागदावर बघितलं तर खजिनदारांचं पारडं जड होतं.

मी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. पहिली, नोंदणी शुल्काच्या पानावर रुपये, डॉलर आणि युरो असे तीन रकाने होते. जर्मनी-नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या इंदुरी मुलामुलींसाठी मंडळाने मोठ्या हौसेने युरोचा रकाना वाढवला होता. युरोपचा जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि तिथल्या लोकांना वस्तू-सेवा देऊ करणाऱ्या बाहेरच्या संस्थांवरही तो चालतो. नुसती साइट तिथून उघडते एवढ्याने नाही, पण तिथलं चलन वापरणं ही त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच सांगितलेली एक खूण आहे. त्यात धर्मश्रद्धा ही खास जपायची माहिती मानली आहे, आणि आपल्या फॉर्मवर तर कुलदैवतापासून सगळं. म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये नुसत्या गूगल फाँटमुळे आयपी पत्ता बाहेर गेला म्हणून वाचकाला १०० युरो द्यायला लावले होते. रक्कम किरकोळ, पण काकांनी फाँटकडे नव्या नजरेने पाहिलं.

दुसरी गोष्ट सांगताना मी ताईंची ईमेल पुन्हा वाचली. ती लिहायला त्यांना मे २०२७ ची गरज पडली नव्हती.

गणेशोत्सवातल्या चित्रकला स्पर्धेचा फॉर्मही याच साइटवर होता आणि त्यावरही तोच पिक्सेल. नव्या कायद्यात १८ वर्षांखालची सगळी मुलं ‘बालक’ ठरतात. त्यांचा माग काढायला आणि त्यांना उद्देशून जाहिराती करायला मनाई आहे, दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी. हा आकडा ऐकून बैठकीत हशा पिकला, कारण मंडळाची सगळी ठेव मोडली तरी त्याच्या जवळपास पोचत नाही. पण हसून झाल्यावर ठराव मात्र झाला.

आता काय करायचं? नेहमीचा रस्ता म्हणजे चांगलं संमतीचं साधन विकत घ्यायचं, सगळे टॅग त्याच्या मागे बांधायचे आणि मोकळं व्हायचं. मी उलट बाजूने निघालो. प्रत्येक टॅगला एकच प्रश्न विचारला, तू गेलास तर कुणाचं अडेल? चॅटची खिडकी गेली. फाँट आपल्याच सर्व्हरवर आणला. यूट्यूबच्या जागी मेळाव्याचं एक चित्र ठेवलं, त्यावर दाबलं तरच व्हिडिओ येतो. शोधाचा फॉर्म बदलून निवडलेले पर्याय पत्त्यात दिसणार नाहीत असं केलं. पिक्सेलवरून मात्र वाद झाला. सचिवकाकांना मेळावा रिकामा जाण्याची भीती होती. “विचारून ठेवू ना मग. जो हो म्हणेल त्याच्यावर लावू.”

यावर माझं मत ठाम होतं आणि आजही आहे. वधू-वर नोंदणीच्या पानावर पिक्सेलसाठी परवानगी मागणं कायद्यात बसवता येईल, पण ज्याला विचारायचं त्याला आपण खरं काय सांगणार? ‘तुमचा घटस्फोट झालाय हे आम्ही जाहिरात कंपनीला कळवू, चालेल ना?’ असं स्पष्ट लिहिलं तर कुणीही हो म्हणणार नाही. आणि गोलमाल लिहिलं तर मिळालेला होकार खरा नाही. ज्या परवानगीचं वाक्य सरळ लिहिता येत नाही, ती मागूच नये. काकांनी दोन दिवस घेतले आणि पिक्सेल काढायला सांगितलं. मेळाव्याचा प्रचार पुन्हा पत्रकं, देवळातला फळा आणि ओळखीपाळखीवर आला.

उरलं ते गूगल अ‍ॅनालिटिक्स. वाचनालयाच्या आणि कार्यक्रमांच्या पानांना किती लोक येतात हे मंडळाला हवं होतं, आणि ते रास्त आहे. तेवढ्या पानांपुरतं ते ठेवलं, तेही होकार मिळाल्यावरच कोड उतरेल अशा बेताने. गूगलच्या कन्सेंट मोड या संमतीच्या सोयीचा एक प्रकार असा आहे की नकार दिला तरी कुकीविना निरोप जात राहतात. मी तो घेतला नाही. नको म्हणणाऱ्या माणसाला मागून हळूच हाक मारल्यासारखं वाटतं ते.

नवी पट्टी लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, तांत्रिक कामापेक्षाही. नव्या कायद्याप्रमाणे संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. मराठी-हिंदी आम्ही तसंही ठेवणारच होतो. पण पहिला मसुदा एका काकूंना वाचायला दिला तर त्या म्हणाल्या, “कुकी म्हणजे ते बिस्किट ना? ते आम्ही का स्वीकारायचं?” त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी मजकूर असा ठरला:

‘या पानांना किती जण भेट देतात हे मोजण्यासाठी आम्ही गूगलची मोजणी वापरतो. ती चालू केली तर तुमच्या फोनवर किंवा संगणकावर एक खूण २ वर्षांपर्यंत राहते. नाही म्हटलंत तरी संकेतस्थळ पूर्ण चालेल. स्थळांच्या पानांवर अशी कुठलीही मोजणी नाही.’

खाली दोन बटणं, ‘चालेल’ आणि ‘नको’. एकच रंग, एकच आकार, शेजारी शेजारी. हा नुसता सौंदर्याचा भाग नाही. फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला, तो स्वीकारणं एका क्लिकचं आणि नाकारणं अनेक क्लिकचं ठेवल्याबद्दल. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, आणि कुकी किती दिवस राहणार तेही सांगायला हवं, हे युरोपच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात सांगून ठेवलंय. मजकुरातली ‘२ वर्षं’ तिथूनच आली. मत बदललं तर काय, यासाठी प्रत्येक पानाच्या तळाशी ‘परवानगी बदला’ असा दुवा ठेवला, कारण आपल्या कायद्यातही होकार देणं जितकं सोपं तितकंच तो मागे घेणं सोपं असावं अशी अट आहे.

सगळं बसवलं, कोरी खिडकी उघडली, पट्टीला हात लावला नाही, आणि गूगलची मोजणी पुन्हा सुरू! दीड दिवस डोकं खाल्लं. साइट वेगवान करणारं एक प्लगइन सगळे कोड एका फाइलमध्ये बांधून आधीच उतरवत होतं. संमतीचं साधन ज्या कोडला अडवायला उभं होतं तो या गठ्ठ्यात बसून केव्हाच आत गेलेला. तो कोड गठ्ठ्यातून वेगळा काढला, साठवलेली पानं पुसली, मग जमलं. हे इतक्या ठिकाणी होत असेल की विचारू नका, कारण पट्टी दिसते म्हटल्यावर नेटवर्क उघडून बघतं कोण? तेव्हापासून मी तीनदा बघतो: काहीच न दाबता, ‘नको’ दाबून, आणि ‘चालेल’ दाबून मग परवानगी मागे घेऊन. तिसऱ्या फेरीत जुनी कुकी पुसली जाते का, हे बघायचं असतं. आपल्या डोमेनखाली, म्हणजे आपल्या संकेतस्थळाच्या नावाखाली, बसलेली आपण पुसू शकतो, म्हणून ‘एफबीपी’ही परत येणाऱ्या लोकांच्या ब्राउझरमधून काढून टाकता आली. दुसऱ्याच्या डोमेनखाली बसलेल्या कुकीला आपल्याला हात लावता येत नाही.

पुण्याच्या मुलाने एका फोनवर सगळी खाती मंडळाच्या नावावर करून दिली. बिचारा इतका ओशाळला होता की त्याला समजावण्यातच अर्धा तास गेला. प्रेक्षकवर्ग त्यानेच पुसला. आधी जे पोचलं होतं ते पोचलं.

ताईंना उत्तर कसं द्यायचं यावरही बैठक झाली. सचिवकाकांना घरी जाऊन हात जोडायचे होते. मी म्हटलं, काका, त्यांनी ईमेल केलीय, घरी बोलावलेलं नाही. घरच्या नंबरवर फोनही नको. शेवटी ईमेलच गेली, मराठीत, एक पानी. त्यांच्या प्रश्नाचं थेट उत्तर पहिल्याच वाक्यात होतं: ‘आम्हीच कळवलं, आम्हाला न कळता.’ पुढे काय काय गेलं, काय बंद केलं आणि काय परत आणता येणार नाही. ताईंनी नोंदणी पूर्ण काढून टाकायला सांगितली. ती साइटवरून आणि बॅकअपमधून काढली.

मग त्यांचा दुसरा प्रश्न आला, ‘आणि सूचीतून?’

सूची म्हणजे मेळाव्यात वाटायची छापील पुस्तिका. तिची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर किती गटांत फिरली याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. कागदी फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात ‘माहिती प्रसिद्ध करण्यास हरकत नाही’ एवढीच ओळ, आणि बहुतेक फॉर्मवर सही वडिलांची. फोन नंबरही वडिलांचा. जिचं स्थळ, ती तीस-बत्तीस वर्षांची सज्ञान मुलगी, तिला कुणी विचारल्याची खूण कागदावर कुठेच नव्हती. साइटचं काम माझं होतं, हे नव्हतं. पण काकांनी न सांगता पुढचा फॉर्म माझ्यासमोर सरकवला.

त्या फॉर्मवर आता तीन वेगवेगळ्या कोऱ्या चौकटी आहेत: सूचीत छापणे, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे, संकेतस्थळावर दाखवणे. आणि पडताळणीचा क्रमांक जिची नोंदणी तिच्याच मोबाइलवर जातो. नोंदणीच्या पहिल्या दिवशी एक गृहस्थ आले, त्यांनी उभ्या उभ्या तिन्ही चौकटींवर टिक मारली आणि बेंगळुरूला मुलीला फोन लावला. “तुला एक नंबर आलाय, तो सांग.” पलीकडून मुलीने विचारलं, “कशाचा?” गृहस्थांनी कंटाळून फोन टेबलावरच्या स्वयंसेविकेकडे दिला, “तूच सांग बाई तिला.” तिने तिन्ही ओळी सावकाश वाचून दाखवल्या. थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग मुलगी म्हणाली, छापा, साइटवरही चालेल, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. स्वयंसेविकेने फॉर्म वडिलांसमोर फिरवला आणि त्यांनी पेन मागून घेऊन मधल्या चौकटीतली टिक खोडली.